खिडकीच्या आत गेलेली कॅथी

रात्री पाहिलेला सिनेमा सकाळी चहाच्या वेळी थोडा वेगळा होऊन आठवतो. गोष्ट मागे पडते आणि एखादंच दृश्य वर तरंगत राहतं. १९३९ सालच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधलं माझ्या मनात राहिलेलं दृश्य खिडकीचं आहे. कॅथी आणि तिच्याच घरात वाढलेला बेवारस हीथक्लिफ माळरानावरून पळत पळत शेजारच्या लिंटन कुटुंबाच्या हवेलीपाशी येतात, भिंत चढून आवारात उतरतात आणि काचेला जवळजवळ नाक लावून आतला नाच पाहतात. आत उजेड, रेशमी कपडे, हसणं, वाद्यांचे सूर. बाहेर अंधारात ही दोघं, सारखीच मळलेली आणि सारखीच धापा टाकणारी. तेवढ्यात कुत्री अंगावर येतात. कॅथीच्या पायाला चावा बसतो. घरातली माणसं तिला उचलून आत नेतात, गरम पाणी, मलमपट्टी, गाद्या-उशा सगळं सुरू होतं, आणि हीथक्लिफला मात्र तबेल्यातला पोरगा म्हणून हाकलून देतात.

हाकललं जाणं हीथक्लिफला नवं नाही. नवं आहे ते कॅथीचं आत राहणं. काही दिवसांनी ती परतते तेव्हा तिच्या अंगावर चांगला झगा असतो, बोलण्याला वळण आलेलं असतं, आणि आपल्या जुन्या सोबत्याचे मळके हात तिला पहिल्यांदाच मळके दिसतात.

एमिली ब्राँटेची कादंबरी १८४७च्या डिसेंबरात ‘एलिस बेल’ या टोपणनावानं प्रसिद्ध झाली. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याची ही मुलगी पुढच्याच डिसेंबरात क्षयानं गेली, तीस वर्षांची असताना. ही तिची एकच कादंबरी. तिच्यावर आजवर बरेच चित्रपट झाले, पण ‘वुदरिंग हाइट्स’ म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर अजूनही येतो तो सॅम्युएल गोल्डविननं काढलेला, विल्यम वायलरनं दिग्दर्शित केलेला कृष्णधवल चित्रपट. लॉरेन्स ऑलिव्हिए हीथक्लिफ, मर्ल ओबेरॉन कॅथी, आणि सभ्य, श्रीमंत एडगर लिंटन म्हणजे डेव्हिड निव्हन.

बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर या जोडीनं पटकथा लिहिताना चौतीस प्रकरणांतली साधारण निम्मी उचलली आणि बाकीची सरळ सोडून दिली. कॅथी मेली की खेळ खलास! मूळ पुस्तकात तिथून पुढं हीथक्लिफ जे करतो ते वाचताना अंगावर काटा येतो. कॅथीच्या ज्या भावानं आपल्याला नोकरांत ढकललं त्याच्या मुलाला तो तसाच अडाणी, शेतावर राबणारा गडी म्हणून वाढवतो. स्वतःच्या मरणपंथाला लागलेल्या मुलाचं लग्न कॅथीच्या मुलीशी जबरदस्तीनं लावतो आणि लिंटनांची मालमत्ता गिळतो. अपमान माणसाला उदात्त करतोच असं नाही, हे एमिलीला चांगलं ठाऊक होतं. गोल्डविनला ते परवडणारं नव्हतं. त्याला प्रेमकहाणी हवी होती. म्हणून चित्रपटातला हीथक्लिफ देखणा, घायाळ आणि चिडका आहे, तर पुस्तकातला भीतीदायक. चित्रपटातल्या कॅथीला मूल होत नाही. ती खिडकीतून माळरान बघत हीथक्लिफच्या हातांवर प्राण सोडते, आणि प्रेक्षक रुमाल शोधतात. एमिलीनं तिला असं मरण दिलं नव्हतं. तिथं ती मुलीला जन्म देऊन दोन तासांत जाते, शुद्ध हरपलेली, आणि हीथक्लिफ त्या खोलीत नसतोच.

बदल आणखीही आहेत. गोष्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, चित्रपटानं ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आणून ठेवली. घेरदार झगे पडद्यावर जास्त शोभतात म्हणून, असं सांगतात, आणि हॉलिवूडचा तेव्हाचा कारभार पाहता ते खोटं वाटत नाही. यॉर्कशरचं माळरान उभं राहिलं कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर. पण ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यानं त्या टेकड्यांवर ढग आणि सावल्या अशा काही पेरल्या की वारा ऐकू येण्याआधी दिसायला लागतो. आठ नामांकनांपैकी चित्रपटाला मिळालेलं एकमेव ऑस्कर टोलंडचं होतं. दोन वर्षांनी ‘सिटिझन केन’ चित्रित करणारा तो हाच.

इथवरचं सगळं साहित्याच्या वर्गात बोललं जातं. माझं मन मात्र अडकतं ते हीथक्लिफच्या रंगापाशी. कॅथीचे वडील, म्हातारे अर्नशॉ, लिव्हरपूलच्या रस्त्यावरून एक बेवारस पोर उचलून आणतात. सावळं, काळ्या केसांचं, न कळणाऱ्या भाषेत बडबडणारं. लिव्हरपूल तेव्हा गुलामांच्या व्यापारातलं मोठं बंदर होतं आणि तिथं जगभरची जहाजं लागत. हा मुलगा कोण, हे एमिलीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोणी त्याला जिप्सी म्हणतं. लिंटनांच्या घरातला म्हातारा मालक त्याला पाहून म्हणतो की हा एखाद्या लास्कराचा पोर असावा. लास्कर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. त्यांत बंगालातले होते, गुजरातेतले होते, आपल्या कोकणातलेही होते. म्हणजे इंग्रजी साहित्यातल्या या सगळ्यात प्रसिद्ध प्रियकराच्या अंगात हिंदुस्थानचं रक्त असू शकतं, ही शक्यता खुद्द पुस्तकातच ठेवलेली आहे. चित्रपटानंही तिचा एक धागा राखलाय. हीथक्लिफला धीर देताना त्याला सांगितलं जातं की तू वेष पालटलेला राजपुत्र आहेस, तुझा बाप चीनचा बादशहा आणि आई हिंदुस्थानची राणी. पडद्यावर हीथक्लिफ अर्थातच गोरा इंग्रज नट आहे.

हिंदुस्थानातून आलेलं माणूस त्या सेटवर होतं, पण ते हीथक्लिफच्या भूमिकेत नव्हतं. ती कॅथी होती.

मर्ल ओबेरॉनचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरी हाक मारायची ती क्वीनी म्हणून. वडील रेल्वेत काम करणारे इंग्रज, ते पहिल्या महायुद्धात गेले. तिला वाढवलं शार्लट सेल्बीनं, सिलोनमध्ये जन्मलेल्या मिश्र वंशाच्या बाईनं. मर्ल तिला आई म्हणे. पुढं चरित्रकारांनी कागदपत्रं काढली तेव्हा निघालं ते असं : जिला ती आई म्हणत होती ती आजी, आणि जिला बहीण समजत होती ती आई, कॉन्स्टन्स, मर्लच्या जन्माच्या वेळी स्वतःच पोरसवदा. मुंबईहून हे कुटुंब कलकत्त्याला गेलं. ला मार्टिनिअर शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण जन्मावरून इतके टोमणे ऐकावे लागले की शाळा सोडावी लागली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकं, क्लबांतले नाच. १९२०च्या दशकाच्या अखेरीला ती शार्लटला घेऊन युरोपात गेली. लंडनमध्ये निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कॉर्डाच्या नजरेत भरली, ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये अ‍ॅन बोलिनची छोटी भूमिका मिळाली आणि दारं उघडली.

दार उघडलं तशी नवी जन्मकथाही तयार झाली. मर्लचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर झाला, असं जाहीर करण्यात आलं. टास्मानियाच का? कारण ते ब्रिटिश होतं आणि इतकं लांब होतं की तिथं जाऊन चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी पडणार नव्हतं. उरली शार्लट. सावळ्या रंगाची ही बाई घरात कोण म्हणून दाखवायची? पाहुणे आले की ती मर्लची मोलकरीण व्हायची. १९३७ साली ती गेली. नंतर मर्लनं तिचं एक तैलचित्र करून घेतलं, त्यात तिचा रंग उजळ करून घेतला.

हे वाचल्यावर पहिला उमाळा रागाचा येतो. स्वतःला वाढवणाऱ्या बाईला मोलकरीण म्हणून दाखवायचं? मलाही तो आला. पण त्या काळचे अमेरिकेचे कायदे पाहिले की राग कुणावर काढायचा हे कळेनासं होतं. १९१७च्या कायद्यानं हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना अमेरिकेत स्थायिक व्हायला बंदी घातली होती. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या लेखी गोरा नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि बिगर-गोऱ्या माणसांच्या लग्नाला १९४८पर्यंत कायद्यानं मनाई होती. पडद्यावरचे नियमही असेच. ‘द गुड अर्थ’ या चिनी शेतकऱ्यांच्या कथेत नायक गोरा नट होता, म्हणून त्याच्या बायकोची भूमिका अ‍ॅना मे वाँग या चिनी वंशाच्या अभिनेत्रीला मिळाली नाही. ती लुईज रेनर या गोऱ्या नटीला चिनी रंगभूषा करून दिली गेली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. अशा गावात मुंबईची क्वीनी थॉम्पसन खरं नाव-गाव घेऊन उतरली असती, तर तिला फार तर एखाद्या हरेमच्या दृश्यात उभं केलं असतं. ‘द डार्क एंजल’साठी १९३५ सालचं सर्वोत्तम अभिनेत्रीचं नामांकन तिला मिळालं ते गोऱ्या इंग्रज मुलीच्या भूमिकेसाठी. आशियाई रक्ताच्या अभिनेत्रीला त्या विभागात मिळालेलं ते पहिलंच नामांकन होतं, हे तेव्हा नामांकन देणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. २०२३ साली त्याच नामांकनासाठी मिशेल यो या अभिनेत्रीचं नाव आलं तेव्हा ‘पहिली’ कोण यावर वाद झाला आणि मर्लचं नाव पुन्हा वर आलं.

आता हे सगळं मनात ठेवून चित्रपटातलं स्वयंपाकघराचं दृश्य पुन्हा पाहावं. एडगरनं मागणी घातली आहे. कॅथी एलनला, म्हणजे घरच्या जुन्या मोलकरणीला, ते सांगते आहे. हीथक्लिफशी लग्न केलं तर आपण खाली घसरू, हे ती स्पष्ट बोलते. आडोशाला उभा असलेला हीथक्लिफ एवढंच ऐकतो आणि निघून जातो. त्यानंतर तिचा आवाज बदलतो. ती म्हणते की तो आणि मी निराळे नाहीच, तो म्हणजे मीच. बाहेर वीज कडाडते. वायलरनं हा कडकडाट जरा जास्तच मोठा वाजवलाय, पण ते जाऊ दे.

हे वाक्य आजवर अनेक नट्यांनी म्हटलं आहे, कोणी जास्त आवेगानं, कोणी जास्त चांगलं. मर्ल काही महान अभिनेत्री नव्हती. तिच्यात एक प्रकारचा ताठरपणा आहे, चेहरा सुंदर पण जपून ठेवलेला. ही भूमिका आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हिला मिळावी अशी ऑलिव्हिएची इच्छा होती, त्यामुळे सेटवर दोघांचं फारसं पटत नव्हतं. (व्हिव्हियनला एडगरच्या बहिणीची, इझाबेलाची दुय्यम भूमिका देऊ केली होती. तिनं ती नाकारली आणि त्याच वर्षी ती ‘गॉन विथ द विंड’मधली स्कार्लेट ओ’हारा झाली. नाकारण्याचाही एक मुहूर्त असतो.) पण त्या एका वाक्याच्या बाबतीत मर्लच्या बरोबरीला कोणी येऊ शकत नाही असं मला वाटतं, आणि त्याचा अभिनयाशी काही संबंध नाही. तो सावळा, बेवारस, कुठून आला ते न सांगता येणारा मुलगा म्हणजे मीच, असं म्हणणारी बाई खरोखर तीच होती. कॅथीप्रमाणे तिनंही उजेडाची खिडकी पाहिली होती. तिलाही आत घेतलं होतं. आणि आत राहायचं तर बाहेर कोणाला ठेवावं लागेल हे तिला कॅथीपेक्षा जास्त नीट कळलं होतं, कारण कॅथीचा हीथक्लिफ तरी माळरानावर होता, मर्लचा तिच्याच घरात, एप्रन लावून उभा होता. चित्रीकरणाच्या वेळी शार्लट जाऊन फार दिवस झाले नव्हते. संवाद म्हणताना मर्लच्या मनात काय होतं, त्याच्याशी आपल्याला घेणं नाही. वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि फिल्मवर उतरलं, एवढं पुरे आहे.

कॅथीला आपण दोष देतो तो बहुधा लोभाचा. तिला मऊ गादी हवी होती, म्हणून तिनं आपलं माणूस सोडलं. पुस्तक नीट वाचलं तर तिचा हिशोब निराळा दिसतो. एडगरच्या पैशानं हीथक्लिफला भावाच्या छळातून सोडवता येईल, असं तिला वाटतं. आत जाऊन बाहेरच्याचं भलं करता येईल, हा तिचा भाबडेपणा. मर्लचा हिशोबही काहीसा तसाच असावा. तिनं शार्लटला टाकलं नाही. आपल्या घरात, आपल्या पैशानं, शेवटपर्यंत सांभाळलं. फक्त तिचं नातं बदललं आणि शेवटी रंगही. माणूस घरात राहिलं आणि नातं तेवढं बाहेर गेलं. आपल्याकडेही गावाहून आलेल्या आईला ऑफिसातल्या मित्रांसमोर आतल्या खोलीत बसवणारी मुलं होती आणि आहेत. त्यांच्यावर कसला कायदाही लादलेला नसतो. म्हणून मर्लवर चिडताना मला जरा थांबावंसं वाटतं.

चित्रपटाचा शेवट गोल्डविननं आपल्या हट्टानं लावून घेतला. हीथक्लिफ बर्फात मरून पडतो, इथंच वायलरला थांबायचं होतं. गोल्डविनला प्रेक्षकांना प्रेतावर सोडून घरी पाठवायचं नव्हतं. वायलरनं नकार दिला तेव्हा त्यानं दुसऱ्याच दिग्दर्शकाकडून एक तुकडा चित्रित करवला : दोन आत्मे हातात हात घालून माळावरून चालत जातात, पाठमोरे. पाठमोरे, कारण ऑलिव्हिए आणि मर्ल तोवर निघून गेले होते आणि त्या जागी बदली माणसं उभी केली होती. मला हा शेवट कधीच आवडला नाही. मेल्यावर सगळं सुरळीत झालं, असं सांगून तो आधीच्या दोन तासांना खोटं पाडतो. पण त्या तुकड्यात माळरानावर परत जाणारी कॅथीदेखील खरी नाही, बदली आहे, हे कळल्यापासून मी तो थोड्या कुतूहलानं पाहतो.

मर्लला स्वतःला असं परत जाणं जमलं नाही. १९७८मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहरानं तिच्यासाठी नागरी स्वागत समारंभ ठेवला. जिथं जन्मलोच नाही अशा गावात माहेरवाशिणीसारखं कौतुक करून घ्यायचं. पुढच्या वर्षी ती कॅलिफोर्नियात वारली. तिचा मुंबईतला जन्म जगाला समजला तो १९८३ साली आलेल्या चरित्रातून. दरम्यान हीथक्लिफ मात्र मुंबईत येऊन गेला होता. ‘दिल दिया दर्द लिया’ या १९६६च्या हिंदी चित्रपटात दिलीपकुमारनं तो रंगवला, वहिदा रेहमानसमोर. तिथं त्याच्या रंगाचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याच्या पोरकेपणाची धारही निराळी झाली. तो विषय पुन्हा कधीतरी.

शार्लट मात्र मनातून जात नाही. एमिलीनं आपली जवळजवळ सगळी कादंबरी नेलीच्या तोंडी दिली आहे. चित्रपटातली एलन ती हीच, फ्लोरा रॉबसननं केलेली. मालक लोक तिच्यासमोर मनातलं सगळं बोलतात, कारण मोलकरणीसमोर लाजायचं कशाला? आणि म्हणूनच सगळं तिलाच ठाऊक असतं. ती काही फार निष्पक्ष नाही, बऱ्याच ठिकाणी स्वतःला सावरून घेते, पण लॉकवुड नावाचा तो परका भाडेकरू तिला समोर बसवून घेतो आणि सांग म्हणतो, म्हणून आपल्याला गोष्ट मिळते. शार्लटनंही पाहुण्यांच्या मागं उभं राहून पुष्कळ ऐकलं असेल. आपल्या मुलीचं, नातीचं, टास्मानियाचं. तिला असं कोणी बसवून घेतलं असतं, तर तिनं सांगितलेली गोष्ट मुंबईपासून सुरू झाली नसती, लंडनपासून तर नाहीच. ती सिलोनपासून सुरू झाली असती, आणि मर्ल ओबेरॉन हे नाव तीत बऱ्याच उशिरा आलं असतं.